सल्ला घेतला, सुई वगळली

डॉ. अभय बंग यांचा वैद्यकीय प्रवास महाराष्ट्राला बराचसा पाठ आहे : नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस. आणि एम.डी., 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी, 1986 मध्ये डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना. त्याआधी वर्ध्याकडे असताना त्यांनी शेतमजुराच्या किमान वेतनाचा सरकारी हिशेब तपासला होता. मजुराच्या पोटाला लागणारे अन्नच त्यात कमी धरले होते. सरकारी आकडा स्वतः पुन्हा मांडून पाहायचा, ही सवय तेव्हापासूनची.

गडचिरोलीत न्यूमोनियाने मुले दगावत. त्याची खूण म्हणजे धाप. पण पाढे न शिकलेल्या दाईने साठ श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांचा श्वासमापक तयार झाला. मिनिटभराची वाळूची घडी उलटायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वरच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि एक लाल. त्याहून मोठ्यासाठी खाली चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. सगळे निदान दाईच्या बोटांवर आले.

खरा वाद पुढे झाला. ‘सर्च’ने नवजात बाळांसाठी केलेल्या प्रयोगात 39 गावांत आरोग्यदूत नेमल्या गेल्या. गावातलीच थोडीफार शिकलेली ही बाई बाळंतपणाला हजर राही, बाळाचे वजन करी, त्याला ऊब देई, गुदमरलेल्याला श्वास देई. जंतुदोषाची लक्षणे दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही तीच टोचे. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता.

डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचावी, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. जेंटामायसिनची मात्रा चुकली तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते. मात्र आक्षेप घेणारे दवाखान्याच्या हिशेबाने बोलत होते आणि आजारी बाळ घरात होते. डॉक्टर बाळापर्यंत पोचणारच नसेल, तर तुलना डॉक्टरशी नव्हे, काहीच न करण्याशी करायला हवी, एवढे साधे गणित वर्षानुवर्षे मान्य झाले नाही.

दरम्यान सरकारदरबारी बंग यांची ऊठबस वाढत गेली. महाराष्ट्रात बालमृत्यू नोंदींतून कसे गळतात, हे ‘कोवळी पानगळ’ अहवालाने उघड केले. देशातल्या 10.4 कोटी आदिवासींच्या आरोग्यावरील तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल 2018 मध्ये आला. पण सर्वांत दूरवर पोचला तो नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा सल्ला. 2011 पासून देशभरच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊ लागल्या. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून 250 रुपये ठरले.

2014 मध्ये जेंटामायसिनची परवानगीही आली, पण काही ठरावीक परिस्थितीपुरती आणि फक्त एएनएम या सरकारी परिचारिकेला. आशाच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाचे ब्लँकेट आले. सुई आली नाही.