घटकाभराचे काम

घरात वस्तू येते ती वाजतगाजत येते. बाहेर जाण्याची वाट मात्र तिला सहसा सापडत नाही. नवे पातेले आले की जुने माळ्यावर चढते. लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेले पेले खोक्यातच राहतात. मोडक्या खुर्चीचा पाय ‘कधीतरी सुतार येईल’ या आशेवर दाराआड उभा असतो, आणि जो मोबाइल केव्हाच निकामी झाला त्याचा चार्जर खणात वेटोळे घालून पडलेला असतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण लोक पैशाला लावतात. वास्तविक अडगळीला ती अधिक शोभेल. कारण पैसा साठवावा लागतो, अडगळ आपोआप साठते.

अशा घराकडे पाहून ‘मंडळी आळशी दिसतात’ असा निवाडा देऊन पाहुणे मोकळे होतात. हा निवाडा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. जी गृहिणी पहाटे पाचला उठून रात्री दहापर्यंत क्षणभर बसत नाही, तिच्या घराचा माळाही भरलेला असतोच. अडचण श्रमांची नसते, निर्णयाची असते. केर काढताना विचार करावा लागत नाही; केर तो केरच. परंतु अडगळीतील वस्तू हाती घ्यावी तर ती उलट प्रश्न करू लागते. मला कोणी दिले ते आठवते का? मी पुन्हा कधीच उपयोगी पडणार नाही का? आज मला टाकलेस आणि उद्या माझीच गरज लागली तर? शंभर वस्तू म्हणजे असे शंभर प्रश्न! दहा-बारांची उत्तरे देता देता माणूस थकतो, आणि उरलेल्या साऱ्यांना ‘नंतर पाहू’ हे एकच उत्तर देऊन दार लावून घेतो.

दसऱ्या-दिवाळीच्या आधीची साफसफाई या दृष्टीने पाहण्यासारखी असते. सकाळी मोठ्या उत्साहाने माळ्यावरचे सगळे सामान खाली उतरते. दहा वाजेपर्यंत झाडू, फडकी आणि शिडी यांची एकच धामधूम चालते. अकराच्या सुमारास कुणाच्या तरी हाती जुनी छायाचित्रे लागतात, आणि सारे घर त्यांच्याभोवती गोळा होते. जेवणे उशिरा होतात. चार वाजता ध्यानी येते की, दिवेलागणीच्या आत खोली मोकळी व्हायला हवी. मग जे जसे निघाले होते ते तसेच, किंबहुना अधिकच वेडेवाकडे, पुन्हा वर कोंबले जाते. धूळ तेवढी गेलेली असते, हे मात्र खरे.

यावर एक उपाय आहे आणि तो फारच लहान आहे. हे काम दिवसाने न मोजता घटकेने मोजावयाचे. पूर्वी घटिकापात्राने वेळ मोजीत असत. पाण्याने भरलेल्या भांड्यात तांब्याची एक वाटी तरंगत सोडीत. तिच्या बुडाला बारीकसे छिद्र असे. त्यातून पाणी हळूहळू आत शिरे, वाटी भरे आणि बुडे. ती एक घटका. अहोरात्रीच्या अशा साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. लग्नाचे मुहूर्त याच वाटीवर साधले जात. ‘घटका भरली’ हे शब्द आजही कानी पडतात; परंतु ती बुडणारी वाटी किती जणांच्या डोळ्यांपुढे येत असेल, कोण जाणे!

पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या एका विद्यार्थ्याचे अभ्यासात लक्ष लागेना. तेव्हा त्याने स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले, आणि गजर होईपर्यंत दुसरे काही करावयाचे नाही असे ठरविले. या पद्धतीची मुदत २५ मिनिटांची ठरली, आणि तिला टोमॅटोचेच इटालियन नाव मिळाले: पोमोदोरो. घटकेत आणि तिच्यात अंतर अवघ्या एका मिनिटाचे!

सातारा जिल्ह्यातील एका घरात ही युक्ती कशी उपयोगी पडली, ते सांगण्यासारखे आहे. त्या घरातील आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते वारले आणि त्यांची खोली बंद झाली. झाडण्यापुरती ती उघडे. पण दोन वर्षांत आतला एक कागदही इकडचा तिकडे झाला नव्हता. टेबल, दोन कपाटे, पुस्तकांचे आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आणि दाराआड आजोबांची काळी छत्री. तिचे कापड दोन काड्यांवरून सुटलेले होते. नात सातवीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला जागा हवी झाली. वडिलांनी दोन वेळा रविवार ठरविला, आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री आजींचे डोके दुखू लागले. ती डोकेदुखी खोटी नव्हती.

शेवटी तोडगा नातीने काढला.

“आजी, रोज एकच खण. घड्याळाचा गजर झाला की बंद. मग काम अर्धं राहिलं तरी चालेल.”

“आणि गजर व्हायच्या आतच मला उठावंसं वाटलं तर?”

“तर उठायचं. मी काही विचारणार नाही.”

“किती वेळ लावणार आहेस गजर?”

“पंचवीस मिनिटं.”

“म्हणजे घटकाभर,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली.

पहिल्या संध्याकाळी टेबलाचा वरचा खण निघाला. त्यात शाई सुकलेली सात पेने, मूठभर खडूचे तुकडे, जुन्या चष्म्याची एक काडी आणि तेवीस किल्ल्या होत्या. नातीने चार ढीग ठरविले होते. एक ठेवायचे, दुसरा कुणाला तरी द्यायचे, तिसरा रद्दी-भंगारात घालायचे, आणि चौथा ‘नंतर आजीला विचारायचे’. हा चौथा ढीग हीच त्या मुलीची खरी हुशारी. कारण त्यामुळे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्याच क्षणी देण्याची सक्ती उरली नाही. पेने भंगारात गेली. किल्ल्यांपाशी मात्र आजी अडल्या. कुलपे केव्हाच नाहीशी झाली होती. तरी “एखादं कुलूप सापडलं तर?” असे त्या म्हणाल्या. येथे हसणे फार सोपे होते. नात हसली नाही. तिने साऱ्या किल्ल्या एका कडीत ओवून खुंटीला अडकविल्या आणि दिनदर्शिकेत महिन्यानंतरच्या तारखेवर खूण केली. ती तारीख आली तेव्हा आजींनी स्वतःच कडी काढून भंगारवाल्याच्या तराजूत टाकली.

या उद्योगात तिसरा एक भागीदार होता, नातीचा थोरला भाऊ. तो पुण्यास वसतिगृहात राहून शिकत असे. त्याच्या खोलीची दशा आजोबांच्या खोलीहून फारशी निराळी नव्हती. तेथल्या पसाऱ्याला दोन वर्षेही लागली नव्हती, एवढाच फरक. असे ठरले की, रोज संध्याकाळी सात वाजता दोन्ही ठिकाणी एकाच वेळी गजर लावावयाचा, आणि तो वाजला की फोन करावयाचा. फोनवर प्रश्न एकच: “आज किती?” उत्तर मोजून द्यावयाचे.

“आज एक खण. किल्ल्या तेवीस.”

“इकडे पलंगाखालचे मोजे अकरा. जोडी एकाचीही जुळत नाही!”

आजी पोट धरून हसल्या. त्या खोलीत दोन वर्षांनी हसू उमटले.

दुसऱ्याला उत्तेजन देणे हेही वाटते तितके सोपे नसते. ‘एवढंच झालं?’ या दोन शब्दांनी दिवसभराचा हुरूप मावळतो. आणि ‘वा, छान!’ हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की, ते ऐकणाऱ्याच्या मनाला चिकटतच नाहीत. ही भावंडे एकमेकांची स्तुती क्वचितच करीत. ती चौकशी करीत. “काल अर्धा राहिलेला कप्पा झाला का?” “टेबलाचा रंग कोणता निघाला?” आपल्या कालच्या कामाची कुणी आठवण ठेवली आहे, हे त्या प्रश्नांतून कळे आणि तेवढे पुरे होई. पावणेसात वाजले की कंटाळा येई, तो तिकडेही येई आणि इकडेही येई. पण पुण्याला गजर लावून कुणीतरी बसले असेल, या विचाराने आजी हातातली भाजी बाजूला सारून उठत. एखाद्या दिवशी भाऊच विसरे. मग आजी फोन हिसकावून घेत आणि म्हणत, “अरे, आम्ही म्हाताऱ्या माणसांनी दोन कप्पे काढले, आणि तू रे?”

नवव्या दिवशी कपाटाच्या वरच्या कप्प्यात चष्म्याचे घर सापडले. आत आजोबांचा शेवटचा चष्मा होता. डाव्या काचेवर बोटाचा ठसा तसाच होता. आजी तो हातात घेऊन बसल्या. घड्याळ टिकटिकत राहिले. नातीने दुसरी वस्तू उचलली नाही की काही विचारले नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली. गजर झाला. आजींनी काच पुसली नाही. चष्मा होता तसाच घरात घालून त्यांनी तो ‘ठेवायचे’ या ढिगावर ठेवला.

फोन वाजला. “आज किती?”

“आज एक,” नात म्हणाली.

पलीकडे भाऊ क्षणभर थांबला. “पुष्कळ झालं,” तो म्हणाला. “उद्या सातला.”

त्यानंतर काम भराभर चालले. चांगले सदरे गरजूंना गेले. विरलेली धोतरे गोधडीच्या अस्तरासाठी निघाली. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याने तोलून नेली. जुने सेल, तारा आणि बिघडलेला रेडिओ यांची पिशवी वेगळी केली. कारण अशा वस्तूंत शिशासारखे विषारी धातू असू शकतात, आणि त्या नेहमीच्या कचऱ्यात टाकावयाच्या नसतात.

परंतु टाकण्याचाही एक नाद असतो, आणि तो लागला की आवरावा लागतो. त्याच भरात कपाटाच्या तळाशी फडक्यात बांधलेले एक बाड निघाले. कागद पिवळे, कडा कसरीने खाल्लेल्या, अक्षर मोडी. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. “जे वाचता येत नाही ते ठेवून काय करायचं?” वडील म्हणाले. नातीने बाड उचलून चौथ्या ढिगावर ठेवले.

तिने केले ते योग्यच होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंड प्रसिद्ध केले. ते कागद त्यांना कोणत्या राजवाड्यात रचून ठेवलेले मिळाले नव्हते. गावोगाव हिंडून, लोकांच्या घरची धूळ खात पडलेली दप्तरे धुंडाळून त्यांनी ते मिळविले. किती दप्तरे त्यांच्या आधीच वाळवीच्या पोटात गेली असतील, त्याची गणती कोण करणार? पुण्यातील दिनकर केळकर यांनी तर लोक निरुपयोगी म्हणून बाजूला सारीत अशा अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या यांसारख्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्या सुमारे २०,००० वस्तूंचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आज देशोदेशीचे लोक येऊन पाहतात. एकाची अडगळ ती दुसऱ्याचे धन, असे म्हणून सगळेच साठवीत बसावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. केळकरांनी प्रत्येक अडकित्ता पारखून घेतला होता. माळ्यावरच्या वस्तूंना कुणी पारखलेलेच नसते.

ते बाड मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे नेले. त्यात लढाया नव्हत्या की राजांची नावे नव्हती. आजोबांच्या आजोबांनी लिहिलेला मुलीच्या लग्नाचा तो हिशेब होता. तांदूळ, गूळ, तूप, बैलगाड्यांचे भाडे, मांडवाचे वासे. एका ओळीवर ते गृहस्थ थांबले आणि त्यांनी ती दोनदा वाचली. घटिकापात्रावर लक्ष ठेवून बसलेल्या जोशीबुवांना दिलेल्या दक्षिणेची ती नोंद होती. आजींनी ती आणखी एकदा वाचावयास लावली.

खोली मोकळी व्हावयास एक्केचाळीस संध्याकाळी लागल्या. एका रविवारात हे काम झाले असते, असे वडील अजून म्हणतात. त्यांना कुणी उत्तर देत नाही. खिडकीपाशी आता नातीचे टेबल आहे. सकाळी तेथे ऊन येते. आजी भाजी निवडावयास तेथेच बसतात. सात वाजता पुण्याचा फोन येतो, मग आवरण्यासारखे काही असो वा नसो.

काळी छत्री कोणत्याच ढिगात गेली नाही. तिच्याविषयी कुणी विचारले नाही, आणि आजींनीही सांगितले नाही. सुटलेले कापड त्यांनी एका दुपारी सुईदोरा घेऊन काड्यांना टाचले, आणि ती पुन्हा दाराआड उभी केली.