उजवीकडचा रकाना

उपाहारगृहांत पदार्थांची यादी हातीं आली, कीं मी ती उर्दूप्रमाणें उजवीकडून वाचूं लागतों. त्या बाजूस किंमती असतात. परवडेल अशी किंमत एकदां सांपडली, म्हणजे बोट हळूच डावीकडे सरकवून तिच्या वांट्याला कोणता पदार्थ आला आहे तें पाहावयाचें. भूक आणि आवड यांचा विचार त्यानंतर! पगार होतांच वाण्याचे, दूधवाल्याचे, शाळेचे पैसे जेथें वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवीत, अशा घरांत वाढलेला मनुष्य दुसरें काय करणार?

माझ्या पत्नीला ही खोड नाहीं, असें मी समजत होतों. गेलीं एकतीस वर्षें कोठेंहि गेलों तरी ती यादी न उघडतांच इडली मागवी. "मला इडलीच आवडते," असें ती म्हणे, आणि मला तें खरें वाटे.

गेल्या सप्टेंबरांत आम्ही फ्रान्समध्यें लियों येथें मुलीकडे गेलों होतों. तेथून दोन दिवस बर्गंडी प्रांतांतील बोन या गांवीं गेलों. गांवाभोंवतीं जिकडे पाहावें तिकडे द्राक्षमळे! त्यांच्या लहान लहान तुकड्यांनाहि स्वतंत्र नांवें आहेत, आणि माती व उतार यांच्या फरकामुळें शेजारशेजारच्या तुकड्यांच्या वाइनींच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. गांवाच्या मध्यभागीं निकोला रोलँ या राजमंत्र्यानें १४४३ सालीं गरिबांसाठीं स्थापिलेलें रुग्णालय आहे. आतां तेथें संग्रहालय असलें, तरी दान मिळालेल्या मळ्यांतील वाइनचा, १८५९ सालीं सुरू झालेला लिलाव अजून दर नोव्हेंबरांत होतो. रोग्यांच्या दालनाचें रंगीत, कोरींव छत पाहून माझी पत्नी म्हणाली, "गरिबांसाठीं म्हणून कांहीं कमी केलेलें नाहीं हो."

जवळच एक नामांकित उपाहारगृह होतें. "बाबा, रात्रीं नको, दुपारीं जा," असें मुलीनें बजावलें होतें. त्याचें कारण दारावरच्या फळ्यावरच दिसलें. तीन वाढपांचें दुपारचें जेवण ३२ युरो. तींच टेबलें आणि तोच आचारी रात्रीं तिप्पट घेत होता! यांत गूढ कांहीं नाहीं. दुपारीं पदार्थ मोजके, तेहि सकाळच्या बाजारांत जें चांगलें मिळेल त्याचे. म्हणून वायां फारसें जात नाहीं, आणि एरवीं रिकामीं राहणारीं टेबलें भरतात. पाव आणि पाण्याची सुरई यांचे वेगळे पैसे नाहींत. वाढप्याची सेवाहि किंमतींतच धरलेली.

पांढऱ्याशुभ्र चादरीच्या टेबलापाशीं बसलों. यादी हातांत आली आणि माझी नजर संवयीनें उजवीकडे गेली. तेथें कांहींच नव्हतें! काय वाटेल तें मागवा, किंमत एकच.

मी गोंधळलों. पत्नी मात्र चष्मा पुसून सावकाश वाचूं लागली. तिनें वाढप्याला चार प्रश्न विचारले आणि लसणीच्या लोण्यांतल्या गोगलगाई मागवल्या.

"गोगलगाई?" मी दचकून विचारलें.

"तिसऱ्या खातों ना आपण? ही त्यांचीच मावसबहीण!"

मग तांबड्या वाइनमध्यें शिजवलेली कोंबडी आली, आणि शेवटीं एपवास नांवाचें चीज. त्याच्या वासानें मी खुर्ची मागें सारली. तिनें तें पावाला पुसून संपवलें. माझ्या पेल्यांतली वाइन दोन घोट चाखून, "कोकमाच्या साराच्या गांवची दिसते," असा अभिप्रायहि दिला.

"तुला इडली आवडते ना?" मीं विचारलें.

"आवडते हो. पण एकतीस वर्षें आवडावी इतकी नाहीं."

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्ही उजवीकडे वाचीत होतां. मी तुमच्या तोंडाकडे."

ती हें हंसत म्हणाली. त्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें. मुलांच्या पुढ्यांत येणारा मसाला डोसा आणि वर आइसक्रीम हीं कोणाच्या शिलकेंतून येत होतीं, हें मला त्या टेबलावर प्रथमच कळलें. हिशेब मी ठेवीत होतों. जमा ती करीत होती.

परवां दादरच्या आमच्या नेहमींच्या उपाहारगृहांत गेलों. यादी तिच्यासमोर धरली आणि उजव्या रकान्यावर मीं तळहात ठेवला. तिनें बराच वेळ वाचलें आणि कटलेट मागवलें.

इडली मीं मागवली.