अम्मीसोबत इस्तंबूल

माझे अब्बा जहाजावर होते. रत्नागिरीकडच्या आमच्या बऱ्याच घरांची तीच कहाणी. खलाशी म्हणून लागले, सारंग म्हणून निवृत्त झाले. सुट्टीवर घरी आले की बंदरांच्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक अम्मीच्या फार आवडीची. काळ्या समुद्राकडे जाताना जहाज एका अरुंद पाण्यातून जातं. एका हाताला युरोप, दुसऱ्या हाताला आशिया आणि दोन्ही काठांवर मशिदींचे मिनार. "तुला एकदा दाखवीन," असं अब्बा दर खेपेला म्हणायचे. हज दोघांनी मिळून केला, अल्हम्दुलिल्लाह. इस्तंबूल तेवढं राहून गेलं. अब्बांच्या इंतेकालानंतर तीन वर्षांनी मी अम्मीला म्हणालो, "चल, आपण जाऊन येऊ."

नातेवाइकांत कुजबुज झाली. नुसतं फिरायला एवढा पैसा? त्यात अम्मीचा उमरा झाला नसता का? अम्मीने कोणाला उत्तर दिलं नाही. कपाटातून पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला.

आम्ही रात्री उतरलो. इस्तंबूलचं नवं विमानतळ अफाट मोठं आहे. विमानाच्या दारापासून पासपोर्ट तपासणीपर्यंत चालतानाच पाय भरून येतात. अम्मीसाठी मी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. ती बसायला तयार होईना. "मी काय आजारी आहे?" माझं डोकं फिरलं. "मग पाय दुखले तर मला सांगू नकोस," असं मी चार लोकांसमोर जोरात बोललो. ती गप्प झाली. पुढे माझ्या सूचना सुरूच होत्या. इथे उभी राहा. पिशवी पुढे घे. पासपोर्ट मला दे. फोनही माझ्याकडे दे, हरवशील.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने तिच्याकडे बघून हसून म्हटलं, "होश गेल्दिनिझ, तेय्झे." होश गेल्दिनिझ म्हणजे स्वागत, हे मी वाचून गेलो होतो. तेय्झे म्हणजे मावशी, हे टॅक्सीवाल्याने सांगितलं. "बघ, त्याने मला खाला म्हटलं," अम्मी म्हणाली. त्या रात्री ती तेवढंच बोलली. हॉटेलच्या खोलीत तिने डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी माझ्यापुढे ठेवली आणि झोपून गेली.

तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे फज्र होते तेव्हा तिथे अजून मध्यरात्रच असते. अम्मीला तेव्हाच जाग आली असणार. मला जाग आली ती अजानने. आमचं हॉटेल सुलतानअहमद भागात होतं. तिथे सुलतानअहमद मशीद आणि आयासोफिया समोरासमोर आहेत आणि दोन्हीकडचे मुअज्जिन एकमेकांना उत्तर दिल्यासारखी आळीपाळीने अजान देतात. ऐकत पडावं असं वाटलं. मग बाजूला बघितलं तर अम्मीचा पलंग रिकामा.

न्हाणीघरात नाही. खाली काउंटरवर कोणी नाही. बाहेरचा दरवाजा नुसता लोटलेला. फोन करायचा तर तिचा फोन माझ्याच खिशात.

मी तसाच पळत सुटलो. दगडी चढाचा रस्ता, अंधार, कोपऱ्याकोपऱ्यावर मांजरं. परक्या मुलुखात भाषा न येणारी अडुसष्ट वर्षांची बाई कुठे शोधायची? मशिदीच्या अंगणात पोहोचलो तेव्हा आत जमात उभी राहत होती. काय करावं सुचेना. वुजू केला आणि शेवटच्या सफमध्ये उभा राहिलो. ती नमाज मी कशी पढलो ते अल्लाहलाच ठाऊक. सलाम फिरवून बाहेर आलो आणि पायऱ्यांवर उभा राहून अंगणात सगळीकडे बघत होतो. तेवढ्यात बायकांच्या जागेतून दोन-तीन जणी बाहेर आल्या. त्यात एकीच्या डोक्यावर आमच्याकडची पांढरी ओढणी.

"अम्मी!"

"इमामसाहेबांनी कुनूत पढली नाही," ती म्हणाली. "तुझ्या लक्षात आलं ना? तुझे अब्बा सांगायचे, तुर्क हनफी आहेत म्हणून."

आम्ही कोकणातले शाफई. फज्रमधली कुनूत आमच्या कानाला सवयीची. पण माझ्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

मी रागवायच्या बेतात होतो. तिने मूठ उघडली. आत हॉटेलचं कार्ड होतं, नाव-पत्त्यासकट. रात्री मी सामानाची मोजदाद करत होतो तेव्हा तिने काउंटरवरून उचललेलं. "नव्या बंदरात उतरलं की आधी परतीचा पत्ता खिशात ठेवायचा. तुझ्या अब्बांचा नियम. अजान झाली, मिनार दिसत होते. तू दमून झोपला होतास, म्हणून उठवलं नाही."

मला बोलायला जागाच राहिली नाही. परत येताना एक गोष्ट डोक्यात आली. आमच्या गावच्या मशिदीत बायकांची सोय नाही. मी लहानपणापासून अब्बांचं बोट धरून मशिदीत जायचो आणि अम्मी घरी मुसल्ला अंथरायची. म्हणजे आम्ही मायलेकांनी एकाच जमातीत पढलेली ही पहिली नमाज. आणि ती पूर्ण होईपर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून फोन तिच्याकडे आणि बेत दोघांचा. दिवसाउजेडी ती मशीद पुन्हा बघितली. १६०९ ते १६१६ या काळात बांधलेली, सहा मिनारांची, आत निळ्या नक्षीच्या हजारो फरश्या. आयासोफिया तर ५३७ सालची. आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. अम्मी बराच वेळ मान वर करून घुमट बघत राहिली.

भाषेचं तिला ओझं वाटलं नाही. चहाला तिथेही चाय, साखरेला शेकेर, साबणाला साबून, पुलावाला पिलाव. दुकानदाराने काही सांगितलं की ही 'माशाल्लाह' म्हणायची आणि काम भागायचं. खाण्याचीही अडचण आली नाही. मसूर डाळीचं सूप, तिळाचा गोल पाव आणि छोट्या काचेच्या पेल्यातला कोरा चहा. दूध मागितल्यावर मात्र तिथले लोक चकित होतात.

तिसऱ्या दिवशी एमिनोनूच्या बाजारात ती एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानासमोर थबकली. लांब दांड्याचं, चोचीचं छोटं भांडं. "हे तर माझं फोडणीचं भांडं!" अब्बांनी एका खेपेला ते आणलं होतं. कशासाठी असतं ते त्यांनी सांगितलं नाही किंवा ती विसरली. तीस वर्षं आमच्या घरची डाळ त्यातच फोडणीला पडते. दुकानदाराने खुणेने समजावलं, हे जेझवे, कॉफी उकळायचं. अम्मी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी काही लवकर थांबलं नाही. दुकानदाराने न बोलता स्टूल पुढे केलं आणि चहा मागवला.

तिथून आम्ही उस्कुदारला जाणारी बोट धरली. ट्रामला चालतं तेच कार्ड बोटीलाही चालतं. वीसेक मिनिटांत माणूस युरोपातून आशियात पोहोचतो. अम्मी आत बसली नाही, कठड्याला धरून उभी राहिली. मागे मिनार, पुढे मिनार आणि मध्ये एक मोठं मालवाहू जहाज संथपणे काळ्या समुद्राकडे निघालेलं. ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती. तिने हात उचलून दुआ मागितली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. या वेळी खुर्चीवर बस असंही म्हणालो नाही.

वाचकहो, आई-वडिलांना परदेशी नेणार असाल तर व्हिसाचं काम आधीच उरका, चपला चालायच्या घ्या, हॉटेलचा पत्ता आणि फोन त्यांचा त्यांच्याजवळ ठेवा. ज्यांनी आपल्याला रस्ता ओलांडायला शिकवलं त्यांना आपण परक्या शहरात सामानासारखं हलवतो. ते उलटून बोलत नाहीत म्हणून आपली चूक आपल्याला कळत नाही. अल्लाह आपल्या सगळ्यांना त्यांची खिदमत करण्याची तौफीक देवो आणि ती करताना जीभ नरम ठेवण्याचीही.

घरी आल्यावर उमऱ्याचा विषय पुन्हा निघालाच. अम्मी म्हणाली, "तोही करू, इन्शाअल्लाह. याला सोबत नेईन मी."