फरक मोजणारी तार

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एक्स्ट्रूडरला साधारण १७० ते २०० अंश तापमान लागते. त्याहून फार चढले, की पीव्हीसी पिवळे पडते, करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. ही मर्यादा थर्मोकपल या दोन तारांच्या तापमान-सेन्सरच्या भरवशावर सांभाळली जाते, आणि त्याचे टोक तपासले की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. मला ते मान्य नाही. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानांतला फरक मोजतो. के प्रकारात अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, तेही टोकाच्या जोडात नव्हे, तर तार गरम भागातून थंड भागात येते त्या लांबीत. पॅनेलकडच्या टोकाचे तापमान कंट्रोलर स्वतः मोजून त्यात मिळवतो. म्हणजे मधली केबलही मोजमापच करत असते. ती तुटल्यावर हाताशी आली ती तांब्याची तार जोडली, आणि बॅरलजवळचा जोड ६० अंशांवर, पॅनेल ४५ वर असले, तर आकडा १५ अंश कमी दिसतो; हीटर तेवढेच जास्त तापवतो. योग्य केबल दोन्हीकडे उलटी जोडली तर चूक दुप्पट. अमेरिकी रंगपद्धतीत लाल तार ऋण असते, आणि आपल्याकडे लाल म्हणजे धन हे हातात बसलेले.

‘माल तर चांगला निघतोय’ हे ऑपरेटरचे म्हणणे खोटे नाही. चूक पोटात घेऊन त्याने सेटिंग अनुभवाने बसवलेले असते. पण ते मे महिन्यात बसवलेले. डिसेंबरात पहाटे पॅनेल १५ अंशांवर येते, तापलेल्या बॅरलजवळचा जोड मात्र तेवढा उतरत नाही. फरक वाढतो, पाइप करपतो आणि दोष पीव्हीसीच्या पावडरीला लागतो.

मग सेन्सरच्या प्रमाणपत्राचे काय? एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचा कागद मोलाचा आहेच, पण तो एकट्या सेन्सरबद्दल, तिथल्या भट्टीबद्दल आणि त्या दिवसाबद्दल बोलतो. तुमच्या केबलबद्दल नाही. थर्मासमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटून, फटी भरतील एवढेच पाणी घालून शून्य अंश जरूर तपासावा. मात्र मशीन थंड असताना जोड आणि पॅनेल सारख्याच तापमानाला असतात, त्यामुळे तांब्याच्या तारेची चूक तेव्हा दिसतच नाही. म्हणून मशीन पूर्ण तापलेले असताना खात्रीचा दुसरा सेन्सर शक्य तितका जवळ बसवावा, पॅनेलवरचा आकडा त्याच्याशी ताडावा, एकदा मेमध्ये, एकदा डिसेंबरात, आणि दोन्ही फरक तारखेसह पॅनेलच्या दारावर लिहून ठेवावेत.