पाणी भरतं कोण?

‘सोंगक्रान’ हे नाव कानाला परकं वाटतं, पण शब्द आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत ‘संक्रांती’वरूनच तो थाई भाषेत गेला. फक्त ही संक्रांत मकरेची नव्हे, मेषेची. १३ ते १५ एप्रिलची. केरळात विशू, पंजाबात वैशाखी, तसं थायलंडात नवं वर्ष. डिसेंबर २०२३मध्ये युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच सुमारास भारतीयांना तिथल्या व्हिसातून सूट मिळाली आणि बहीण म्हणाली, आईला एकदा विमानात बसवायचंच आहे, तर आत्ताच जाऊ. २०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही तिघं चियांग माईला गेलो.

आम्ही कर्जत तालुक्यातले. कशेळ्याच्या पुढे घर आहे, त्यामागच्या तीन खोल्या मी शनिवार-रविवारी मुंबईकरांना भाड्यानं देतो. त्यामुळे पर्यटक मला चांगला माहीत आहे. फोनवर त्याचे प्रश्न ठरलेले: स्विमिंग पूल आहे का, नदी किती लांब, धुळवडीला रेन डान्स असतो का. कर्जत-खालापुरात होळीच्या आधी रेन डान्सच्या पाट्या झळकायला लागतात. जून लागला की भिवपुरीच्या धबधब्यापासून खोपोलीच्या झेनिथपर्यंत गर्दी, मग कुणीतरी बुडाल्याची बातमी, मग बंदीचा आदेश. आमच्याकडे येणारा बहुतेक जण पाण्यासाठीच येतो. या वेळी मी पाण्यासाठी दुसऱ्याच्या गावी निघालो होतो.

चियांग माई १२९६ साली मेंगराय राजानं वसवलं. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटर. सोंगक्रानचे तीन दिवस या खंदकाच्या काठाने सगळं शहर ओलं असतं. पिकअपच्या हौद्यात पाण्याचे पिंप, पिंपात बर्फाच्या लाद्या, आणि त्याभोवती आजीपासून नातवापर्यंत सगळे हातात भांडी घेऊन. ओळख लागत नाही, परवानगी लागत नाही. था फे दरवाजापाशी एका मुलानं आईच्या पाठीवर बर्फाचं पाणी ओतलं आणि वर हात जोडून वाकला. आई ओरडली नाही, हसलीही नाही. एका दुकानाच्या छपराखाली जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “एवढं उडवतात, पण पाणी भरतं कोण?”

आईचं माहेर डोंगराच्या अंगाला, वाडीवर. एप्रिलमध्ये तिथली विहीर तळाला जायची. रात्री दोनला उठून बायका विहिरीत उतरायच्या, झऱ्याचं पाणी करवंटीनं हंड्यात भरायच्या. डोक्यावर चुंबळ, त्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. लग्नानंतर ती नदीकाठच्या गावात आली, तेव्हा भर उन्हाळ्यात वाहणारी पेज बघून तिला म्हणे खरं वाटेना.

पेज उन्हाळ्यात वाहते त्याला कारण आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटाखाली पाइपातून भिवपुरीच्या वीजघरात पडतं. टाटांनी १९२०च्या दशकात मुंबईच्या विजेसाठी ही सोय केली. वीज झाली की पाणी नदीला सोडून देतात. त्यावर राजनाला कालव्याचा उन्हाळी भात पिकतो आणि पुढे उल्हास नदीतून ते शहरांच्या नळांना जातं. खालापुरात हीच गोष्ट पाताळगंगेची. खोपोलीचं वीजघर १९१५चं. म्हणजे पाणी आमच्या डोंगरावरून खाली येतं, नदी भरून पुढे जातं, आणि त्याच डोंगराच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. पाणी उतारानं जातं हे खरं, पण पाइप कुठे न्यायचा हे उतार ठरवत नाही.

आईच्या प्रश्नाला मी असंच काहीतरी लांबलचक उत्तर द्यायला लागलो होतो. तिनं ऐकलं नाही, बोट दाखवलं. खंदकाच्या कठड्यावर माणसं ओळीनं वाकली होती. बादलीला दोरी बांधून प्रत्येक जण पाणी शेंदत होता. गोरे पर्यटक, थाई पोरं, एक पोटुशी बाई. “ज्याला उडवायचं तोच भरतोय,” आई म्हणाली, आणि छपराखालून बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी घरातल्या वडीलधाऱ्यांना अंगणात ओळीनं बसवलं. शेवटी एक खुर्ची आईसाठीही ठेवली. या सणाचं जुनं रूप हेच: धाकट्यांनी मोठ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी हळूच ओतायचं, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, आशीर्वाद घ्यायचा. वाडग्यात मोगऱ्याची फुलं होती. बहिणीनं आणि मी मिळून कपभरही पाणी ओतलं नसेल. बाकीच्यांच्या हातांवरून ते खाली सांडत होतं. आईनं मात्र ओंजळ घट्ट धरली होती, एक थेंब गळला नाही. मालकीणबाई खुणेनं सांगत होत्या, जाऊ दे, सोडून दे. आई उठली, चार पावलं चालली आणि ओंजळ तिथल्या कुंडीत रिकामी केली. त्यावर ती सगळी म्हातारी माणसं इतकी हसली की भाषेची गरज उरली नाही.

यंदा मार्चमध्ये मुंबईहून आठ जणांचा ग्रुप आला. धुळवडीला रेन डान्स पाहिजेच म्हणाले. मी आईकडे बघितलं. आमच्या विहिरीला पेजेच्या कृपेनं पाणी असतं, वर मोटारही आहे. आई म्हणाली, “नाचू दे की. मोटार लावायची नाही. दोरी-पोहरा तिथेच आहे.” सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. पंधराएक पोहऱ्यांनंतर हात भरून आले. मग ते एकमेकांवर बादल्या ओतायचे थांबले आणि तांब्यानं उडवायला लागले. खेळ संपला नाही, उलट दुपारपर्यंत चालला. जेवताना त्यांच्यातल्या एका मुलीनं तळहातावरचे फोड दाखवत विचारलं, तुम्ही रोज असं भरता? आई म्हणाली, “आता नाही. पण वरच्या वाडीवर भरतात.” आणि तिला भात वाढला.