लाल अंगाचं, काळ्या अंगाचं

मुरूडला पाहुणे म्हणून गेलेली बहुतेक कुटुंबं जंजिरा किल्ला पाहून परततात. आम्ही यंदा पावसाळा सरल्यावर एक सकाळ फणसाडसाठी राखून ठेवली. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान. १९८६ पासून अभयारण्य. सुपेगावातून आत शिरलं की समुद्राचा वारा मागे राहतो आणि दमट सावली सुरू होते.

मुलांना शेकरू पाहायचं होतं. दिसली ती फुलपाखरं. घाणेरीवर एक मोठं काळं फुलपाखरू बसलं होतं. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लालभडक ठिपके. थोड्या वेळानं अगदी तसंच दुसरं आलं. सोबतचा वाटाड्या मुलांना म्हणाला, "पंख सोडा, पोट बघा." पहिल्याचं पोट लाल होतं, दुसऱ्याचं काळं.

लाल पोटाचं ते क्रिमझन रोज. त्याच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीचं विष अंगात साठवतात. ते पुढे फुलपाखरातही उरतं. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून ते निवांत, संथ उडतं. काळ्या पोटाची ती कॉमन मॉर्मनची मादी. तिच्यात हे विष नाही, नुसता उसना पोशाख! काही माद्या कॉमन रोजचं रूप घेतात, काही नरासारख्याच दिसतात. नर मात्र हे सोंग घेत नाही. काळा रंग आणि मागच्या पंखांवर फिकट ठिपक्यांची ओळ, बस्स. हे सारं डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकामुळे घडतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं.

ही मादी अंडी कुठे घालते, हे ऐकल्यावर मात्र आमच्या अम्मी चालता चालता थांबल्या. लिंबावर आणि कढीपत्त्यावर! लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते.

"म्हणजे आपल्या परसातल्या कढीपत्त्यावरची ती हीच?"

हीच. आणि घरी फवारणीची बाटली आणून ठेवलेली. परतीच्या वाटेवर मुलांनी अम्मींशी बराच वेळ घासाघीस केली. ठरलं ते असं: कुंपणाकडच्या दोन फांद्या अळ्यांच्या, बाकीचा कढीपत्ता दालचाच्या फोडणीचा.