हिरवी खूण

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो. या कामाबद्दल मी फारसं लिहीत नाही, कारण घरच्यांनाही ते नीट सांगता येत नाही. अम्मी अजूनही शेजाऱ्यांना सांगते की मी ‘कंप्युटर दुरुस्त करतो’. आज मात्र त्याच कामातली एक गोष्ट लिहितो आहे. गोष्ट एका ओळीच्या कोडची आहे. पण त्या ओळीमुळे काही मुलामुलींची शिष्यवृत्ती जाण्याची वेळ आली होती आणि ती ओळ मी लिहिली होती.

साल २०१५. नोकरी सोडून मी स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो. आमच्या भागातल्या एका शैक्षणिक ट्रस्टला शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घ्यायचे होते. ते काम मला मिळालं. दहावी-बारावीनंतर पुढे शिकणाऱ्या गरीब मुलांसाठीची ती शिष्यवृत्ती. मी खूश होतो. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी जाऊन मीच सांगितलं होतं, ‘या वेळी रांगेत उभं राहायची गरज नाही, सायबर कॅफेत बसा, अर्ज भरा, झालं.’

ही साइट मी रूबी ऑन रेल्समध्ये बांधली. ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अशा साइटचे साधारण तीन भाग असतात. तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणा. मागे दप्तरखाना असतो, तिथे खरी नोंद असते. ते मॉडेल. खिडकीवर कारकून बसतो. तो तुमचं म्हणणं ऐकतो, दप्तरखान्यातून हवं ते काढतो आणि कोणता कागद द्यायचा ते ठरवतो. तो कंट्रोलर. आणि तुमच्या हातात पडतो तो कागद म्हणजे व्ह्यू. ही विभागणी जुनी आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या संगणकशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात असताना ती मांडली. पुढे वेबच्या जमान्यात तिचं रूप थोडं बदललं, पण नावं तीच राहिली.

या विभागणीतला शिष्टाचार असा की कागदाने कारकुनाची चौकशी करू नये. जे लिहून दिलं तेवढं दाखवावं. पण व्यवहारात कागदाला कधी कधी विचारावंसं वाटतं, ‘मला कोणत्या खिडकीवरून पाठवलं?’ साधं कारण सांगतो. प्रत्येक पानावर वर तोच मेनू असतो. मुखपृष्ठ, अर्ज, संपर्क. आपण ‘अर्ज’ या भागात असलो तर तो शब्द ठळक दिसायला हवा. मेनू तर सगळ्या पानांना सामाईक, लेआउट नावाच्या एकाच फाइलमध्ये. मग त्याला कसं कळणार आपण कुठे आहोत?

रेल्समध्ये याची सोय आहे. टेम्प्लेटमध्ये ‘कंट्रोलर_नेम’ लिहिलं की आत्ता कोणता कंट्रोलर चालू आहे त्याचं नाव मिळतं. ‘ॲक्शन_नेम’ लिहिलं की त्या कंट्रोलरमधलं कोणतं काम चालू आहे ते कळतं. (खरा कोड अर्थातच रोमन लिपीत असतो. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.) इतर फ्रेमवर्कमध्येही अशी सोय कुठे ना कुठे असतेच. नवशिक्याला ही युक्ती सापडली की हातात जादूची कांडी आल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

मी मेनूपुरतं थांबलो नाही. अर्जाच्या पानांवर वर एक पट्टी केली. त्यात तीन पायऱ्या होत्या. एक, अर्ज भरा. दोन, अर्ज जमा. तीन, छाननी. जी पायरी पूर्ण झाली तिच्यापुढे हिरवी बरोबरची खूण. ही पट्टी मी लेआउटमध्येच ठेवली आणि अट अशी लिहिली. कंट्रोलरचं नाव ‘ॲप्लिकेशन्स’ असेल आणि ॲक्शन ‘न्यू’ असेल तर माणूस पहिल्या पायरीवर आहे. ॲक्शन ‘क्रिएट’ किंवा ‘शो’ असेल तर अर्ज जमा झाला, दुसरी पायरी हिरवी. मी स्वतः दहा-बारा अर्ज भरून पाहिले. सगळे हिरवे. ट्रस्टच्या लोकांनाही पट्टी फार आवडली.

पहिला इशारा आठवड्याभरात मिळाला. ट्रस्टच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. ‘अहो, मी एका मुलाचा अर्ज उघडला तर वर लिहून येतंय, तुमचा अर्ज जमा झाला आहे. मी कधी अर्ज केला?’

मी हसलो. कारण लगेच कळलं. ऑफिसच्या लोकांसाठी वेगळा कंट्रोलर होता, ‘ॲडमिन’ या विभागात. पण त्याचंही नाव ‘ॲप्लिकेशन्स’च होतं. ‘कंट्रोलर_नेम’ विभागाचं नाव गाळून टाकतं, फक्त शेवटचं नाव सांगतं. एकाच कचेरीत दोन खिडक्यांवर ‘अर्ज’ अशी पाटी, एक लोकांसाठी आणि एक आतल्या कर्मचाऱ्यांसाठी, तसं झालं होतं. पूर्ण पत्ता हवा असेल तर ‘कंट्रोलर_पाथ’ वापरावं लागतं. ते ‘ॲडमिन/ॲप्लिकेशन्स’ असं विभागासकट सांगतं. मी एक शब्द बदलला, पाच मिनिटांत काम झालं. बाईंनी आभार मानले.

आज वाटतं, मी त्या दिवशी चुकीचा धडा शिकलो. मला वाटलं, नाव अर्धवट विचारलं म्हणून चूक झाली, आता पूर्ण नाव विचारतो. खरं तर अर्ज जमा झाला की नाही हे खिडकीच्या नावावरून ठरवणंच चूक होतं. ते दप्तरखान्याला विचारायला हवं होतं.

शेवटची तारीख उलटून गेली. पाच-सहा दिवसांनी आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. बारावीला चांगले गुण मिळाले होते, पुढे नर्सिंगला जायचं होतं. वडील हातगाडीवर फळं विकतात. ती म्हणाली, ‘मामू, माझं नाव यादीत नाही. ऑफिसात म्हणतात अर्जच आला नाही.’

मी विचारलं, ‘नीट भरला होतास का? शेवटचं बटण दाबलंस?’

‘दाबलं की. वर हिरवी खूण आली. खाली माझा भरलेला अर्ज दिसत होता. मग उठले. कॅफेवाल्याचा तास पण संपत आला होता.’

ती तक्रार करत नव्हती. आपलंच काही चुकलं असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. मला फक्त एवढंच विचारायला आली होती की पुढच्या वर्षी भरता येईल का.

रात्री मी सर्व्हरचा लॉग उघडला. तिचा अर्ज आला होता, पण उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक रिकामा होता म्हणून सिस्टीमने तो घेतला नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हे कसं घडलं ते सांगतो. अर्ज पाठवला की ‘क्रिएट’ हे काम सुरू होतं. अर्ज बरोबर असेल तर तो साठवला जातो आणि ब्राउझरला सांगितलं जातं, आता दुसऱ्या पानावर जा. तो तिथे नव्याने विनंती करतो आणि तेव्हा ॲक्शनचं नाव असतं ‘शो’. अर्जात चूक असेल तर मात्र तोच फॉर्म पुन्हा दाखवला जातो. टेम्प्लेट ‘न्यू’चं असतं, पण चालू असलेली ॲक्शन ‘क्रिएट’च राहते. म्हणजे ‘क्रिएट’ या नावाने पान दिसायची एकच शक्यता होती, अर्ज नाकारला गेला तर. आणि मी त्याच नावापुढे हिरवी खूण लावली होती.

मी तपासणी करताना प्रत्येक वेळी बरोबर अर्ज भरला होता. म्हणून मला ‘शो’चं पान दिसलं. चुकीचा अर्ज मी एकदाही भरून पाहिला नाही.

चूक लाल अक्षरात दाखवली जात होती, नाही असं नाही. पण ती ज्याच्या त्याच्या रकान्याशेजारी. दाखल्याचा रकाना अगदी तळाला. पान उघडायचं ते वरून. वर हिरवी खूण आणि खाली आपण भरलेली सगळी माहिती जशीच्या तशी. ती मुलगी काय, मीही उठून घरी गेलो असतो.

दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. ट्रस्टकडे विचारलं असतं तर त्यांनी लॉग पाहून म्हटलं असतं, मुलीनेच रकाना सोडला, लाल अक्षरात सांगितलंही होतं. कागदोपत्री मी सुटत होतो. माझं ते पहिलं स्वतंत्र काम होतं. त्याच ट्रस्टच्या ओळखीने आणखी एक काम मिळायचं होतं. शिवाय पट्टी कशी चालते हे माझ्याशिवाय कोणाला कळणार होतं?

माझे अब्बा शिंपी होते. एखादं कापड चुकीचं बेतलं गेलं की ते गिऱ्हाईक यायची वाट पाहत नसत. सायकल काढून त्याच्या घरी जात आणि सांगत, तुमचं कापड माझ्या हातून खराब झालं. लहानपणी मला त्याचं नवल वाटे, थोडा रागही येई. कापडाचे पैसे आमच्या घरखर्चातून जात. त्या दोन दिवसांत ती सायकल मला फार आठवली.

तिसऱ्या दिवशी ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. विश्वस्तांना सगळं सांगितलं. त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘पण लाल अक्षरात चूक दाखवली होती ना?’ मी म्हणालो, ‘दाखवली होती सर. आणि वर जमा झाला असंही लिहिलं होतं. दोन्ही मीच लिहिलं होतं.’ ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘अशी किती मुलं आहेत ते काढून द्या.’

ते काढणं अवघड नव्हतं. अर्ज स्वीकारला गेला की लॉगमध्ये ३०२ हा आकडा पडतो, दुसरीकडे जा असा त्याचा अर्थ. नाकारला की त्या काळी २०० पडायचा, म्हणजे ‘सगळं ठीक’. (डिसेंबर २०२१ मध्ये रेल्स ७ आलं, तेव्हापासून नाकारलेल्या फॉर्मला ४२२ देण्याची पद्धत आली. तो आकडा खरं बोलतो.) ज्या मोबाइल क्रमांकाला २०० मिळाला आणि नंतर कधीच ३०२ मिळाला नाही, असे सगळे मी वेगळे केले. तेवीस निघाले.

ट्रस्टने त्यांच्यासाठी अर्ज आणखी चार दिवस खुला केला. फोन मी केले. प्रत्येकाला सांगितलं, चूक तुमची नव्हती, साइटची होती, आणि साइट मी बनवली आहे. बहुतेकांना आनंदच झाला. एका मुलाच्या वडिलांनी मात्र चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. सतरा जणांनी अर्ज भरला. त्यात आमच्या गल्लीतली ती मुलगीही होती. सहा जण मिळाले नाहीत. कोणाचा फोन बंद, कोणी सायबर कॅफेवाल्याचाच नंबर दिलेला. ट्रस्टने पुढचं काम मला दिलं नाही. ते योग्यच होतं.

पट्टी मी त्याच आठवड्यात बदलली. आता ती कोणत्याही कंट्रोलरचं नाव विचारत नाही. ती अर्जालाच विचारते, तू साठवला गेलास का? उत्तर ‘हो’ आलं तरच हिरवी खूण. नाकारला गेला तर पट्टीच लाल होते आणि पहिल्या ओळीत लिहून येतं, ‘अर्ज अजून जमा झालेला नाही.’

‘कंट्रोलर_नेम’ मी आजही वापरतो. मेनूतला शब्द ठळक करायला किंवा पानाला वेगळा रंग द्यायला ते चांगलं आहे. तिथे चूक झाली तर फार तर चुकीचा शब्द ठळक होईल. तेही एकाच ठिकाणी, एका छोट्या हेल्परमध्ये लिहितो, म्हणजे उद्या कोणी कंट्रोलरचं नाव बदललं तर दहा फाइली शोधाव्या लागत नाहीत. मेनू कॅशमध्ये ठेवायचा असेल तर हे नाव कॅशच्या किल्लीतही घालावं लागतं, नाहीतर एका पानाचा मेनू दुसऱ्या पानावर दिसतो. पण माणसाचं काम झालं की नाही, पैसे भरले की नाही, अर्ज पोचला की नाही, हे कोणत्या खिडकीवरून कागद आला त्यावरून मी ठरवत नाही.

माझ्याकडे आता दोन मुलं शिकायला येतात. फॉर्म तयार झाला की ती उत्साहाने भरून दाखवतात. मी म्हणतो, आधी चुकवून दाखवा. रकाना रिकामा सोडा, तारीख उलटी टाका, आणि पान पुन्हा उघडलं की सगळ्यात वर काय दिसतं ते मोठ्याने वाचा. त्यांना वाटतं, सर फारच शंकेखोर आहेत. त्या सहा जणांबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता हे लिहून झालं आहे, तर वाचायला देईन.